चौथा मजला, एकच खिडकी: मावशीच्या बेडरूमचा एसी

डोंबिवली पूर्वेला माझी मावशी राहते. इमारत १९८७ सालची, तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही. मावशी-काका चौथ्यावर, म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. बेडरूम दहा बाय बारा. खिडकी एकच, तीही पश्चिमेला, आणि तिचा खालचा अर्धा भाग २०१० पासून दीड टनाच्या विंडो एसीने आणि त्याच्याभोवती ठोकलेल्या प्लायवूडने खाल्लेला. २०२५ च्या सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरचा उकाडा तोंडावर असताना, त्या एसीने मान टाकली. कॉईल, म्हणजे ज्यांतून गॅस फिरतो त्या नळ्या, सडलेली; आत जुना आर-२२ गॅस. नेहमीचा मेकॅनिक स्वतःहून म्हणाला, "काका, ह्यात आता पैसे घालू नका." दुरुस्तीवर पोट असलेला माणूस असं म्हणतो तेव्हा ऐकावं.

मी वातानुकूलनाच्या धंद्यात आहे. बँका, ऑफिसं, लग्नाचे हॉल अशी माझी कामं. नात्यातल्या घरगुती एसीचा सल्ला फुकट द्यावा लागतो आणि फुकटचा सल्ला कुणी मनावर घेत नाही. या वेळी घेतला, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

काकांचं मत ठरलेलं होतं: विंडोच. भोक आहे, लाइन आहे, स्विच आहे, जुना काढायचा नि नवा ढकलायचा. मावसभाऊ बंगळुरूहून फोनवर: "दादा, आजकाल विंडो कोण घेतं? दीड टन, फाइव्ह स्टार, स्प्लिट. पैसे मी पाठवतो." २२ सप्टेंबरपासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे त्याला घाई झाली होती. मावशीला कुणी विचारलंच नव्हतं. तिने चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "कुठलाही आणा, पण रात्री मला झोपू देईल असा आणा."

खरी गोम तिथेच होती. काका रात्री कानातलं यंत्र काढून ठेवतात. पंधरा वर्षं तो एसी खडखडून सुरू व्हायचा तेव्हा मावशी जागी व्हायची, आणि धाडकन बंद व्हायचा तेव्हा परत जागी. काकांच्या मते एसी अगदी शांत होता.

जुना एसी काढला तेव्हा

निर्णयाआधी मी जुनं धूड बाहेर काढायला लावलं. दोन पोरं, पन्नासेक किलोचा डबा, चार जिने. तो हलला तसं मागून कबुतराचं घरटं निघालं: काड्या, तारेचे तुकडे, विष्ठेचा बोटभर थर, आणि फटी बुजवायला काकांनी कोंबलेले पुठ्ठे नि जुनी बनियनं. खिडकीची लाकडी चौकट खालून भुसभुशीत झालेली, स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर टोक आत गेलं. एसीचा ट्रे मागे नीट कललेला नसल्यामुळे पाणी वर्षानुवर्षं चौकटीत मुरलं होतं. उरलेलं थेंबाथेंबाने तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलवरच्या पत्र्यावर. त्या टपटपीवरून तिसऱ्या मजल्याच्या काकूंशी किती वर्षं अबोला होता हे मला तेव्हा कळलं.

म्हणजे "भोक तयार आहे" हा काकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा अर्धा पडला. चौकट दोन्ही पर्यायांत बदलायचीच होती.

कॉईलचं मात्र काकांना सांगून ठेवलं: हा तुमच्या निगेचा दोष नाही. डोंबिवलीची हवा. एमआयडीसीतल्या रसायनांमुळे जिथे २०१४ साली हिरवा पाऊस पडला आणि २०२० साली रस्ता गुलाबी झाला, तिथे तांब्याला भोकं पडायचीच. नवीन एसी घेताना कॉईल तांब्याची आणि तिच्यावरच्या पातळ पत्र्यांना (फिन्सना) गंजरोधक लेप दिलेला बघायचा, एवढंच आपल्या हातात.

किती टन?

मावसभावाला दीड टन हवा होता, कारण आधीचा दीडचा होता. आधीचा दीडचा का होता, तर तेव्हाच्या दुकानदाराने वरचा मजला ऐकून दिला होता.

एसीचा टन हे त्याचं वजन नसतं. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो तेवढी क्षमता. आपल्या मापात साधारण साडेतीन किलोवॉट. खोली १२० चौरस फूट. मी स्लॅब, पश्चिमेची भिंत, काच, दोन माणसं आणि फटींतून येणारी दमट हवा धरून हिशोब केला. रात्री दहानंतरचा भार तीन किलोवॉटच्या आतच राहत होता. दुपारी चारला तो वर जातो, पण दुपारी चारला हे दोघं हॉलमध्ये पंख्याखाली असतात. एक टन पुरे.

जास्त घेतला तर काय बिघडलं, हा प्रश्न मला नेहमी येतो. नागपुरात फारसं बिघडत नाही. तिथली हवा मे महिन्यात इतकी कोरडी की वाळ्याच्या टाटीचा कूलरसुद्धा काम भागवतो. शिवाय एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. तिथे पारा पंचेचाळिशीवर गेला की दीड टनाचा एसी दीड टन राहत नाही, म्हणून थोडा मोठा घेण्यात शहाणपण आहे. ठाणे-मुंबईच्या पट्ट्यात गोष्ट उलटी. इथे थंडाव्याइतकंच हवेतलं पाणी काढणं महत्त्वाचं, आणि पाणी निघतं ते थंड कॉईलवरून हवा बराच वेळ फिरत राहिली तर. मोठा एसी छोट्या खोलीत दहा मिनिटांत पारा खाली आणतो आणि थांबतो. ओल तशीच. मग चादर गार पण चिकट लागते, आणि माणूस रिमोट उचलून अठरावर नेतो.

छताचं मात्र मनावर घेतलं. रात्री साडेनऊला स्टुलावर चढून मी स्लॅबला हात लावला. तव्यावरची पोळी उतरवल्यावर तवा थोड्या वेळाने लागतो तसा. दिवसभर गच्चीने प्यायलेलं ऊन मध्यरात्रीपर्यंत खोलीत उतरत होतं. एसीआधी त्या गच्चीवर पांढरा उष्णता परावर्तित करणारा रंग मारणं हा माझ्या मते या घरातला सगळ्यात स्वस्त एसी होता.

चांदण्यांचा घोळ

दुकानात मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर होता. काकांनी एका विंडो एसीवरचं पाच तारे असलेलं लेबल कॅमेऱ्यासमोर धरलं. "हा घे तुझा फाइव्ह स्टार."

बहुतेकांची फसगत इथे होते. बीईईच्या, म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या तक्त्यात विंडो आणि स्प्लिटचे निकष वेगळे आहेत. आम्ही दुकानात गेलो तेव्हा लागू असलेला तक्ता जुलै २०२२ चा. त्यात स्प्लिटला पाच तारे मिळायला आयसीअर, म्हणजे हंगामभराची कार्यक्षमता, किमान ५.०० लागायची. विंडोला ३.५० वर पाच तारे मिळायचे. स्प्लिटमध्ये ३.५० म्हणजे दोन तारे. पहिला येणारा एका वर्गात नव्वद टक्क्यांवर येतो आणि दुसऱ्या वर्गात सत्तरवर, तसंच. तारे मोजायचेच असतील तर विंडोचे विंडोशी मोजावेत. विंडोची स्प्लिटशी तुलना करायची असेल तर ताऱ्यांखालचा आयसीअरचा आकडा वाचावा. आणि हा तक्ता काही वर्षांनी कडक होतो, म्हणून लेबलवर छापलेला कालावधीही वाचावा. गोदामातला जुना माल जुन्या ताऱ्यांसकट विकला जातो.

"म्हणजे स्प्लिटच!" मावसभाऊ जिंकल्यासारखा. तर तसंही नाही.

लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते वर्षाला १६०० तास धरून. मावशी-काका एसी लावतात मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि मग ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. धरून चाला १३० रात्री. रात्री दहा ते पहाटे पाच, सात तास. झाले ९१० तास. लेबलच्या निम्म्याहून थोडे जास्त.

एक टनात आमच्यासमोर तीन यंत्रं होती. थ्री स्टार विंडो, आयसीअर ३.२ च्या आसपास, किंमत २८,००० रुपये. थ्री स्टार इन्व्हर्टर (गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा) स्प्लिट, ३.९, किंमत ३१,५०० आणि वर पाइप, भोक, फिटिंग धरून साडेपाच हजार. फाइव्ह स्टार स्प्लिट, ५.० च्या जरा वर, ३९,५०० आणि तेच साडेपाच हजार. १६०० तासांना पहिला साधारण ८५० युनिट खाणार, दुसरा ७००, तिसरा साडेपाचशे. आमच्या ९१० तासांना हेच आकडे ४८३, ३९८ आणि ३१३ होतात.

काकांच्या बिलात एसीचे युनिट १०१ ते ३०० च्या टप्प्यात पडतात. महावितरणचा त्या टप्प्याचा दर, वहन आकार, वीज शुल्क असं सगळं मिळून मी युनिटला १३ रुपये धरले. विंडोऐवजी थ्री स्टार स्प्लिट घेतला तर वर्षाला वाचतात अकराशे रुपये. जादा खर्च नऊ हजार. आठ वर्षं. थ्री स्टारऐवजी फाइव्ह स्टार घेतला तर आणखी अकराशे, जादा खर्च आठ हजार. पुन्हा सात-आठ वर्षं. त्यात स्प्लिटची सर्व्हिस थोडी महाग, गॅस गळण्याची शक्यता जास्त, हे अजून धरलेलं नाही.

म्हणजे या घरात वीजबचत हे स्प्लिट घेण्याचं कारणच नव्हतं. दिवसभर घरून काम करणारं जोडपं असतं, एसी दहा-बारा तास चालत असता, बिल तीनशेच्या वरच्या टप्प्यात जात असतं, तर मी डोळे झाकून फाइव्ह स्टार सांगितला असता. मावसभावाचं बंगळुरूचं गणित त्याच्या घरासाठी बरोबर असेलही. ते डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर लागू होत नव्हतं.

बाहेरचा डबा कुठे?

स्प्लिट घ्यायचा की नाही हे माझ्या अनुभवात नव्वद टक्के वेळा आउटडोअर युनिट, म्हणजे बाहेर बसवायचा डबा, ठरवतं. लोक आतल्या पांढऱ्या पट्टीचं डिझाइन बघत बसतात.

मावशीकडे बाल्कनी नाही. पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी स्टँड ठोकून आउटडोअर टांगायचा, तर तो छज्जाच्या वर येणार. इमारत तीस वर्षांवरची, सोसायटीने संरचनात्मक तपासणी करून घेतलेली, आणि अहवालात त्याच बाजूच्या छज्जांच्या सळया उघड्या पडल्याची नोंद. अशा भिंतीत चार अँकर मारून तीसेक किलोचा थरथरणारा डबा टांगायचा, आणि मग दर वर्षी सर्व्हिसला कुणाच्या तरी पोराला कमरेला दोरी बांधून चौथ्या मजल्याबाहेर उतरवायचं. मी नाही म्हटलं. मावशी-काका दुसऱ्या मजल्यावर असते तर केस तिथेच संपली असती: नवी चौकट, रबराची पट्टी, ट्रे मागे कललेला, आणि त्यात एक टनाचा विंडो. मावशीला कानात कापूस घालायला सांगितलं असतं.

पण वर गच्ची होती. बेडरूमच्या भिंतीतून पाइप बाहेर काढून कठड्यावरून वर नेला तर जेमतेम पाच मीटर. आउटडोअर आतल्या युनिटपेक्षा उंच असला तरी एवढ्याशा उंचीला काही अडचण नसते. गच्चीवर दुपारी ऊन रणरणतं हे खरं, पण आमचा एसी रात्री चालणार, तेव्हा तिथे वारा असतो.

गच्ची सगळ्या सोसायटीची. काका कमिटीच्या बैठकीला स्वतः गेले. सेक्रेटरींचा पहिला प्रश्न, आणि अगदी रास्त: "वॉटरप्रूफिंगला भोक पाडणार का?" नाही. काँक्रीटचे दोन ठोकळे, त्यावर रबराचे पॅड, त्यावर युनिट. स्लॅबला एकही खिळा नाही. काकांनी लिहून दिलं की गच्चीची दुरुस्ती निघाली तर युनिट स्वखर्चाने हलवू. त्याच कागदावर मी बेडरूमवरच्या भागाला पांढरा रंग मारायची परवानगीही मागून घेतली. शेजारच्या फ्लॅटवाल्यांनी विचारलं, "आमच्याही डोक्यावर माराल का?" मारला. शेवटी वर्गणी काढून सगळ्या गच्चीला लागला, पण ती वेगळी कहाणी.

वीजबचतीसाठी नव्हे, मावशीच्या झोपेसाठी थ्री स्टार, एक टन, स्प्लिट असं ठरलं. फाइव्ह स्टारचे वाचलेले आठ हजार रंगात आणि खिडकीत गेले.

फिटिंगचा दिवस

काकांचा एक मुद्दा मी शेवटपर्यंत खोडू शकलो नाही, कारण तो खराच आहे. विंडो एसीचा गॅसचा सगळा मार्ग कारखान्यात बंद होऊन येतो. पंधरा वर्षांत त्यांना एकदाही गॅस भरावा लागला नव्हता. स्प्लिटचा तोच मार्ग तुमच्या घरात, दोन पोरं, संध्याकाळी आणखी तीन घरं उरकायची आहेत या घाईत जोडतात. स्प्लिटची बरीच बदनामी यंत्राची नसते, त्या एका तासाची असते.

तशीच जोडी आली. भोक चांगलं पाडलं, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही. पाइपची टोकं फुलवली, नट आवळले. मग एकजण वर आउटडोअरपाशी जाऊन व्हॉल्व्हला पाना लावायला लागला.

"व्हॅक्यूम पंप कुठे आहे?"

"लागत नाही साहेब. थोडा गॅस सोडतो, हवा निघून जाते."

ही पद्धत जुनी आणि सर्रास. पण त्यात दोन गोष्टी होतात. पाइपमधली हवा गेली तरी ओल पूर्ण जात नाही, आणि ती कॉम्प्रेसरच्या तेलात जाऊन बसते. शिवाय कारखान्यात वजन करून भरलेला गॅस तुम्ही पहिल्याच दिवशी हवेत सोडता. आता गॅस आर-३२, तो थोडा ज्वलनशीलही असतो. असा खेळ बरा नव्हे. मी म्हटलं, पंप आणा, नाहीतर आजचं काम इथेच थांबवा. पोरगा वैतागला. एक फोन झाला, पाऊण तासाने तिसरा एकजण स्कूटरवर पंप घेऊन आला. तोवर मावशीने सगळ्यांना पोहे दिले. पंप अर्धा तास चालवला, बंद करून पंधरा मिनिटं काटा जागचा हलत नाही ना ते बघितलं, मगच व्हॉल्व्ह उघडला. सांध्यांना साबणाचा फेस लावला. एका नटाशी बारीक बुडबुडा आला. तोच पोरगा, जो पंप लागत नाही म्हणत होता, वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "हा महिन्याभरात रिकामा झाला असता." नट परत आवळला, परत फेस, बुडबुडा गेला.

पाण्याची नळी भिंतीपलीकडच्या बाथरूममध्ये सोडली. पहिल्या रात्री काकांनी खाली बादली ठेवली. सकाळी ती निम्म्याच्या वर भरलेली. ते पाणी आता लादी पुसायला जातं. काका ते घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला निघाले होते, "आयतं डिस्टिल्ड वॉटर" म्हणून. ते डिस्टिल्ड नसतं, कॉईलवरची धूळ नि धातू धुऊन येतं. बाटली हातातून काढून घेतली.

रिमोटवर काय लावायचं हेही एकदा बसून दाखवावं लागलं. २६ अंश, आणि पंखा दोनवर. इन्व्हर्टर एसी सतत हळू चालतो, दर पंधरा मिनिटांनी खडखडत नाही. म्हणून काकांना पहिले दोन दिवस तो बंदच आहे असं वाटत होतं. तोंडासमोर हात धरून बघायचे.

ऑक्टोबरच्या अखेरीला मी परत गेलो. एसीबद्दल मावशी काहीच बोलली नाही, मला खिडकीपाशी घेऊन गेली. नवी चौकट, दोन सरकत्या काचा, बाहेर कबुतरांसाठी जाळी. पंधरा वर्षांनी खालचा अर्धा भाग उघडला होता. खाली तिसऱ्या मजल्याच्या काकू ग्रिलमध्ये कपडे वाळत घालत होत्या. मावशी वाकून म्हणाली, "अहो, आज पत्रा कोरडा आहे ना?"

"कोरडा ठणठणीत," खालून आवाज आला. "संध्याकाळी या चहाला."